दारात अडकलेला पाळणा

अण्णाजींचा पाळणा दारात अडकला आणि शकुबाईच्या घरात कोणी येईना की घरातून कोणी जाईना.

अडकला तोही असा, की अर्धा ओसरीवर आणि अर्धा बैठकीत. त्याच्या चारही कोपऱ्यांवर मोर कोरलेले होते. दोन मोर घरात येऊन बसले होते, दोन अजून बाहेर उन्हात होते. बाहेरून सुनेचे वडील अण्णाजी ढकलत होते, आतून शकुबाईचे यजमान महादेवराव ओढत होते, आणि मधे सागवानाची भिंत. दोघे व्याही एकमेकांना दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते.

"ढकला इवाईबुवा, ढकला!"

"ढकलूनच राह्यलो नं! तुमी ओढा!"

"ओढतो तं मोराची मान हातात येते!"

"मोराले हात नका लावू बाप्पा! मोर नाजूक हाये!"

तळेगावहून हा पाळणा संत्र्याच्या ट्रकवर बसून आला होता. रिकामा कशाला आणायचा म्हणून अण्णाजींनी त्यात संत्री भरली होती, आणि प्रत्येक धक्क्याला चार-दोन संत्री टुणकन उडून बैठकीत येत होती. शकुबाई ती पदरात गोळा करत होती. दुपारी नातीचं बारसं. गावातल्या बाया जेवणं आटोपून येणार, आणि यायला दारच नाही.

खरं तर बारसं तळेगावलाच व्हायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सुनेचं, कोकिळेचं, पोट चिरून बाळ काढावं लागलं, आणि वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, की एवढ्यात तळेगावपर्यंत हादरे खात जायचं नाही. शकुबाईचं गाव आंजी जवळ. म्हणून बाळ-बाळंतीण सासरी आली, सोबतीला कोकिळेची आई शोभाबाई आली, आणि अण्णाजींच्या वाट्याला काहीच आलं नाही. पहिली नात, आणि त्यांच्या दारी ना मांडव, ना पंगत, ना पाहुणा. त्या रागातून हा पाळणा निघाला होता. त्यांनी सुताराला म्हणे सांगितलं होतं, असा कर की आंजीवाल्यांनी जन्मभर नाव काढलं पाहिजे.

आंजीवाले सकाळपासून नावच काढत होते.

"चौकट काढा," बाहेरून अण्णाजी म्हणाले.

"काय काढा?"

"दाराची चौकट. बसोता येते मंग."

"माह्या घराची चौकट काऊन काढू? तुमचा मोर काढा!"

शोभाबाई भिंतीशी बसून कुंचीला गोंडा लावत होती. लेकीच्या सासरी तोंड उघडायचं नाही, हा तिचा नेम. त्यामुळे कोणी काहीही म्हटलं की ती "हो ना" एवढंच म्हणायची. नवरा चौकट काढा म्हणाला, तेव्हा ती "हो ना" म्हणाली. व्याही मोर काढा म्हणाले, तेव्हाही "हो ना."

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "महादेऽव! मी आली रे बावा!"

शकुबाईच्या पदरातली संत्री खाली सांडली. हा आवाज तिला लग्नाच्या मांडवापासून ठाऊक होता. हिंगणघाटची मनकर्णाबाई, महादेवरावांची थोरली बहीण. शकुबाईच्या मुलाला, प्रभाकरला, सख्खी बहीण नव्हती, म्हणून त्याच्या लेकीच्या कानात नाव सांगायचा मान या आत्याचा. ती मान घ्यायला आली होती, आणि तिच्यामागून तिचे यजमान बंडूजी येत होते. बंडूजी कापसाच्या एका जिनात फिटर होते. त्यांच्या डोक्यावर, एसटीच्या टपावरून नुकताच उतरवलेला, हिरव्या रंगाचा लोखंडी पाळणा होता.

मनकर्णाबाई ओसरीपुढे थबकली.

"हे काय हाये?"

"पाळना," अण्णाजी घाम पुसत म्हणाले.

"पाळना तं मी आनला."

लोखंडी पाळणा सागवानी पाळण्याकडे बघत राहिला. शेवटी महादेवरावांनी आतून, पाळण्याच्या खालून तोंड काढलं आणि म्हणाले, "ये बाई, ये. वाकून ये. खालून चांगली जागा हाये."

"मी? सुनंच्या बापाच्या पाळन्याखालून? रांगत?"

आणि मनकर्णाबाई पदर खोचून घराला वळसा घालून गोठ्याच्या दाराने निघाली. गोठ्यात नवी म्हैस होती. तिने पाहुण्यांचं स्वागत शेपटीने केलं. मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून बैठकीत आली तेव्हा तिच्या नव्या कोऱ्या पातळावर पाठीमागे शेणाचा एक हिरवागार फटकारा होता. शकुबाईने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. मग न पाहिल्यासारखं करताना ओठ घट्ट मिटून धरावे लागले.

तिकडे महादेवरावांनी चिडून एक जोराचा हिसका दिला. कट्टदिशी आवाज झाला, एका मोराची मान मोडली आणि पाळणा सुळकन आत आला, पाठोपाठ अण्णाजी. त्यांनी मान उचलली, फुंकर घालून कोटाच्या खिशात ठेवली आणि दिवसभर तो हात खिशातून काढला नाही.

आता प्रश्न कडीचा होता. बैठकीच्या आढ्याला कडी एकच होती.

"माहा टांगा," अण्णाजी म्हणाले. "सागवान हाये, अस्सल."

"सागवानाले ढेकनं होतात," मनकर्णाबाई म्हणाली. "आमचा लोखंडाचा. अन् तुमच्या मोराले तं मुंडकंच नाई."

"मुंडकं माह्या खिशात हाये!"

"मंग खिशातच झोपवा पोरीले."

महादेवराव बहिणीकडे बघत होते, व्याह्याकडे बघत होते आणि कोणाच्या बाजूने बोलावं ते ठरवत होते. तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला. फार मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"बैठकीत नको."

लग्न होऊन आल्यापासून कोकिळा या घरात 'नको' असं कधी म्हणाली नव्हती. भाजी नको म्हणायची असली तरी "पुरे" म्हणायची.

तिचा नवरा प्रभाकर वर्ध्याला पोस्टात होता. निरोप इकडचा तिकडे पोचवायची त्याला सवय होती. तो आत गेला आणि बाहेर आला. "ती म्हनते, पाळना बैठकीत नको."

"आयकलं आमी," महादेवराव म्हणाले. "काऊन नको?"

प्रभाकर पुन्हा आत गेला. बाहेर आला. "ती म्हनते, मायले पाठव."

शकुबाई आत गेली. कोकिळा खाटेवर उताणी होती, कुशीत बाळ, आणि खाटेच्या कडेला उशा रचलेल्या, बाळ पडू नये म्हणून. रात्रभर ती एका अंगावर आखडून निजत होती हे शकुबाईला दिसत होतं, पण बाळंतपण म्हटलं की एवढं चालायचंच, असं तिने मनाशी म्हणून टाकलं होतं.

"मामीजी," कोकिळा म्हणाली. सासूला मामीजी म्हणायची तिकडची रीत. "मले उठून बैठकीत जाता येते का? कूस बदलली का टाके ओढतात. दवाखान्यातली सिस्टर म्हने, लेकरू खाटेच्या लगत पाह्यजे. आपल्या अंथरुनात नाई, पन हात लांब केला का हाती लागन असं. हालाले नको, कलंडाले नको. मूठ जाईन एवढी फट कुठी नको. उशी नको. मले झोप लागून माहा हात तिच्यावर पडला तं?"

"रडली तं आमी आनून देऊ नं व. एवढी मानसं हावोत."

"तुमी हा. पन दूध तं माह्यापाशी हाये."

शकुबाईला जे आठवलं, ते तिने फार दिवस आठवलं नव्हतं. प्रभाकर झाला तेव्हा पाळणा याच बैठकीत, याच कडीला होता. दोरी मनकर्णाबाईच्या हातात. शकुबाई याच आतल्या खोलीत. पोर रडलं की तिची चोळी भिजायची आणि ती दाराशी येऊन उभी राहायची, हाक येईपर्यंत. आणि मनकर्णाबाई अंगाईची सगळी कडवी म्हणून झाल्याशिवाय हाक मारायची नाही. कडवी पुष्कळ होती.

पण बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "तिले खाटेजवळ पाह्यजे. सिस्टरनं सांगतलं हाये." आणि फट, उशी, हलणं, कलंडणं, सगळं सांगितलं.

पुरुषांना वाटलं, ही परीक्षा आहे. आणि परीक्षा म्हटल्यावर त्यांना हुरूप आला.

"पाहून घेऊ मंग," महादेवराव मांडी ठोकून म्हणाले. "ज्याचा पास होईन त्याचा ठेवू. प्रभाकरची माय, एक कोहळं आन."

कोहळं शकुबाईने तळायच्या गोड बोंडांसाठी राखून ठेवलं होतं. महादेवरावांनी ते हातात तोललं, बाळाएवढंच भरतं असं जाहीर केलं, आणि शोभाबाईच्या हातातली नवी कुंची घेऊन त्याला बांधली. कुंची बांधल्यावर कोहळं थेट बंडूजींसारखं दिसू लागलं. हे सगळ्यांच्या ध्यानात आलं, पण जावयाचा मान म्हणून कोणी बोललं नाही. फक्त शोभाबाई हळूच म्हणाली, "हो ना."

पहिला नंबर बंडूजींचा. खाटेजवळ कडी नव्हती म्हणून त्यांनी पाळणा सोबत आणलेल्या लोखंडी घोड्यावर, त्याच्या स्टँडवर, चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच चार माणसांपुढे बोलायची संधी मिळाल्यासारखे उभे राहिले. "याच्यात बेअरिंग हाये. दोन्ही बाजूनं. एकदा झोका देल्ला का तुमी जेवून या, पान खाऊन या, पाळना चालूच."

"द्या झोका," महादेवराव म्हणाले.

बंडूजींनी एका बोटाने झोका दिला.

पाळणा गेला. आला. गेला. आवाज अजिबात नाही, आणि तेच भयंकर होतं. लोखंडाचा घोडा फरशीवर जरा तिरपा होता, त्यामुळे पाळणा दर खेपेला थोडा जास्तच वर जाऊ लागला. कुंचीतलं कोहळं एकदा इकडच्या कडेला, एकदा तिकडच्या कडेला.

"थांबवा आता," शकुबाई म्हणाली.

"थांबवाचं काई बसोलं नाई," बंडूजी म्हणाले.

"म्हनजे?"

"जिनात थांबवाचं बटन दुसरीकडे राह्यते."

महादेवराव पाळणा धरायला पुढे झाले आणि गुडघ्यावर फटका खाऊन मागे आले. अण्णाजी खिशातला हात न काढता दुसऱ्या हाताने धरायला गेले, तर पाळण्याने त्यांची टोपी नेली. आणि मग कोहळं उडालं. कुंचीच्या गोंड्यासकट ते अण्णाजींच्या डोक्यावरून गेलं, भिंतीवर आपटलं आणि फुटलं.

"अव माय व! पोरगी!" शकुबाई किंचाळली. कोहळं तिने स्वतःच्या हाताने आणून दिलं होतं, तरी किंचाळली. कुंचीच तशी होती.

आतून कोकिळेचा घाबरा आवाज आला, "काय झालं?"

"काई नाई," प्रभाकर ओरडला. "कोहळं पडलं! पाळना अजून चालू हाये!"

मग आतून हसण्याचा आवाज येऊ लागला, आणि हसता हसता कण्हण्याचा. "हासवू नका हो! टाके तुटतीन माहे!"

मनकर्णाबाई नवऱ्याकडे बघत होती. बंडूजी पाळण्याकडे बघत होते. पाळणा शेवटी आपोआप थांबला, पण तोवर एका शेजारणीने खिडकीतून दोनदा विचारलं होतं, की बारसं सुरू झालं का.

"आता माहा पाहा," अण्णाजी म्हणाले. टोपी तिरपी होती पण आवाज सरळ झाला होता. "माहा तं जागचा हालत बी नाई."

ते खरं होतं. तो पाळणा जमिनीवर ठेवला की चौघांनी उचलल्याशिवाय हलत नव्हता. कलंडायची भीती नव्हती. राहिली फट. मोरांच्या पिसाऱ्यांमध्ये, नक्षी उठून दिसावी म्हणून, सुताराने चांगल्या ऐसपैस फटी सोडल्या होत्या. महादेवरावांनी संत्रं घेतलं आणि एका फटीतून आत घातलं. ते दुसऱ्या बाजूने बाहेर आलं आणि गडगडत शोभाबाईपाशी गेलं.

"माह्या नातीचं डोस्कं संत्र्याएवढं नाई," अण्णाजी म्हणाले.

"सिस्टर मूठ म्हने," शकुबाई म्हणाली.

"मंग मूठ घाला. प्रभाकर, घाला मूठ."

प्रभाकर जावई. सासऱ्याने सांगितलं म्हणून त्याने बाह्या वर केल्या आणि मूठ घातली. ती जराशी कुरकुरत आत गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रभाकरने ती बाहेर काढायला सुरुवात केली.

काढत राहिला.

"काय झालं?" महादेवराव म्हणाले.

"निंगत नाई."

"मूठ सोड."

"सोडली. आता तं आनखी निंगत नाई."

अण्णाजींनी जावयाचा हात धरून ओढला. प्रभाकर ओरडला. महादेवरावांनी पाळणा धरून ओढला. प्रभाकर जास्तच ओरडला. मनकर्णाबाईला मात्र सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलेलं दिसलं. ती खाली बसली, एक संत्रं सोललं आणि फोड तोंडात टाकून म्हणाली, "सागवान हाये बापा. अस्सल."

"करवत आना," महादेवराव म्हणाले.

"पाळन्याले करवत लावाची नाई!" अण्णाजी म्हणाले.

"मंग काय पोराच्या हाताले लावू?"

"लोनी," शकुबाई म्हणाली. "थांबा. लोनी आनतो मी."

स्वयंपाकघरात तिचं जाळीचं कपाट होतं. दूध, दही, लोणी, तूप त्यात राहायचं. कमरेच्या वर येणारं, पाठीला सागाची गुळगुळीत फळी, आणि बाकी चहूबाजूंनी बारीक तारेची जाळी. ते उघडायचा अधिकार शकुबाईचा. महादेवरावांना चहात जास्त दूध हवं असलं तरी ते तिला विचारायचे. सूनही विचारायची.

कपाटाशी मांजर बसलं होतं. पंजा जाळीवर घासत होतं. वर्षानुवर्षं त्या मांजराने, त्याच्या आईने आणि आजीने याच जाळीवर पंजे घासले होते, आणि एकीचंही नख आत गेलं नव्हतं. शकुबाईने मांजराला हाकललं, दार उघडलं, लोण्याच्या मडक्यात हात घातला आणि तशीच उभी राहिली.

तिने बोट जाळीवर दाबून पाहिलं. मग कपाट दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. मग वीत टाकून त्याची लांबी मोजली, आणि खाटेची उंची हातानेच हवेत आठवून पाहिली. बैठकीतून प्रभाकरची हाक आली. ती गेलीच नाही. तिने दुधाची गंजी उतरवली. दह्याचं मडकं उतरवलं. तुपाची बरणी. आतले फळ्यांचे कप्पे ओढून काढले.

बैठकीत ती आली तेव्हा तिने प्रभाकरच्या मनगटाला लोणी चोळलं, हात पचकन बाहेर निघाला, आणि ती म्हणाली, "आता चारी जनं स्वयंपाकघरात या. कपाट उचलाचं हाये."

"कोनतं कपाट?" महादेवराव म्हणाले.

"जाळीचं."

"दुधाचं?"

"हो. खाटेपाशी न्याचं हाये. आडवं कराचं, पाठ खाली. दारं बिजागरीतून काढून टाकाची. लेकरू हाये ते, लोनी नाई, झाकन नको त्याले."

कोणाला लगेच समजलं नाही. समजलं तेव्हा पहिला आवाज मनकर्णाबाईचा.

"शकू! बह्याड झाली का तू? दोन-दोन पाळने दारात, अन् महादेवची नात दुधाच्या कपाटात? लोक काय म्हनतीन? सारं हिंगणघाट हासन मले!"

"हासू द्या."

"अन् मी नाव कुठी सांगू? कपाटात मुंडकं घालून?"

"बाईजी," शकुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. हातावर लोणी होतं, ते तिने पदराला पुसलं. "प्रभाकर रडे तवा दोरी तुमच्या हातात राहे. मी तठी, त्या दारात उभी राहो. तुमी मले हाक मारून राह्यल्या का, ते आयकत. तुमाले आठोते का नाई, मले ठाव नाई. मले आठोते. ही पोरगी बैठकीत झोपनार नाई."

मनकर्णाबाईच्या हातात संत्र्याची फोड तशीच राहिली. महादेवरावांनी छताकडे पाहिलं. बंडूजींनी पायाकडे. अण्णाजींनी खिशातली मान चाचपली. या घरात शकुबाईने मोठ्या नणंदेला उलट बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकल्यावर काय करायचं असतं हेही कोणाला माहीत नव्हतं.

मग भिंतीशी बसलेली शोभाबाई उठली. तिने कुंचीवरचा कोहळ्याचा गर झटकला आणि म्हणाली, "पानी तापवतो मी. कपाट कढत पान्यानं धुवाले लागन."

हे तिचं त्या घरातलं पहिलं पूर्ण वाक्य होतं. त्यानंतर वाद संपला.

चौघांनी कपाट उचललं. शोभाबाईने ते कढत पाण्याने धुतलं, अंगणातल्या उन्हात वाळवलं. बंडूजींनी बिजागऱ्या काढल्या, जाळीची टोकं एकेक करून पक्कडीने आत दाबली आणि कडेवरून तळहात फिरवून पाहिला. हे काम ते इतक्या मन लावून करत होते की मनकर्णाबाईने हाक मारलेली त्यांना ऐकू आली नाही, किंवा आली. खाटेच्या लगत विटांवर फळ्या टाकून कपाट आडवं ठेवलं, खाटेच्या पायांना सुतळीने आवळून बांधलं. कड अंथरुणाच्या जरा वर आली. आत एक घडी केलेली गोधडी, उशी नाही. महादेवरावांनी ढकलून पाहिलं, हललं नाही. अण्णाजींनी मूठ घालायची जागा शोधली, करंगळीही गेली नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा शोधली. सापडावी असं त्यांना वाटत होतं हे दिसत होतं.

कोकिळेने बाळाला आत ठेवलं. मग पाठीवर नीट निजली, पाय लांब केले, आणि इतक्या जोराने श्वास सोडला की शकुबाईला वाटलं, ही दवाखान्यातून आल्यापासून आज निजली.

"पन आता दूध कुठी ठेवशीन?" महादेवराव दाराशी कुजबुजले. चहाची वेळ होत आली होती.

"तुमच्यापाशी पाळना हाये नं," शकुबाई म्हणाली. "टांगा कडीले."

म्हणून बैठकीच्या आढ्याला अण्णाजींचा पाळणा लागला, आणि त्यात दुधाची गंजी, दह्याचं मडकं आणि तुपाची बरणी विराजमान झाली. अण्णाजी आधी दुखावले. पण मांजराने खालून दोन उड्या मारल्या, पाळण्यापर्यंत काही पोचलं नाही आणि तोंड पाडून बसलं, तेव्हा ते बायांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा. पाळना किती कामाचा हाये."

बाया आल्या. रुख्मिणी पाटलीण, कमला, गल्लीतल्या सगळ्या. आधी पाळण्यातलं दही पाहून हसल्या, मग आतल्या खोलीत दाटीवाटीने शिरून कपाटातली पोर पाहून हसल्या, आणि मग एकेक जण कडेवर हात ठेवून बाळाला नुसती बघत राहिली. रुख्मिणी पाटलीण तर खाली वाकून जाळीतून बराच वेळ बघत होती. तिची धाकटी सून पोटुशी होती.

नाव सांगायची वेळ झाली. मनकर्णाबाई दुपारपासून बोलली नव्हती. कोकिळेने निवडलेलं नाव ज्योत्स्ना. ते हिंगणघाटला कळवलं होतं, आणि एसटीत सगळी वाट मनकर्णाबाई ते जिभेवर घोळवत आली होती, तरी ते बसत नव्हतं. ती उठली, पातळ सावरलं, कपाटाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि वाकून डोकं आत घातलं. पाठीवरचा शेणाचा फटकारा सगळ्या गावासमोर आला.

आत्या कानात नाव सांगत असताना बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही जुनी गंमत. बायांनी हळू-हळू, मानाने, चापट्या मारल्या. मग त्या बाजूला झाल्या आणि शकुबाईला जागा दिली.

शकुबाईने हात उचलला. तिचा विचार हळूच मारायचा होता. अगदी खरंच होता. पण हात खाली आला तो कुठून तरी फार लांबून आला.

तो आवाज ओसरीवर गेला. "काय पडलं वो?" महादेवरावांनी बाहेरून विचारलं.

खोलीत कोणी हालेना. मनकर्णाबाईचं डोकं कपाटातच होतं. शकुबाईचा हात झिणझिणत होता.

"शकू," कपाटातून आवाज आला. हळू, बाळ जागं होऊ नये असा.

"हो, बाईजी."

"माहा पोरगा झाला तवा माह्या सासूनं दोरी मले बी कधी देल्ली नाई. मी बी दारातच राहो."

शकुबाई जरा जवळ सरकली.

"मंग अठी आली का तुह्या पोराची दोरी धरो. सोडाव वाटेच नाई."

खोलीत कोकिळा डोळे मिटून पडली होती, पण तिच्या पापण्या हलत होत्या.

"राग गेला का अजून हाये?" मनकर्णाबाईने विचारलं.

"हाये थोडासा," शकुबाई म्हणाली.

"मंग मार अजून एक. मी अजून नाव सांगतलं नाई."

कोणीतरी फिसकन हसलं. शकुबाईने हात पुन्हा उचलला. या वेळी तो हळू खाली आला, शेणाच्या फटकाऱ्याच्या जरा वर टेकला आणि तिथेच राहिला. मग नकळत थोपटू लागला.

मनकर्णाबाईने दम घेतला. कानात सांगायचं हे ती विसरली, की पाठीवरच्या त्या हाताने तिला विसरायला लावलं, कोण जाणे. एसटीत घोळवलेलं नाव तिच्या तोंडून एवढ्या मोठ्याने बाहेर पडलं, की ओसरीवरच्या पुरुषांनाही ते कळलं.

"जोसना!"

बाळ दचकलं, लालबुंद झालं आणि त्याने टाहो फोडला. खोलीतल्या सगळ्या बाया एकदम पुढे सरकल्या. शकुबाई सरकली, शोभाबाई सरकली, मनकर्णाबाईने कपाटातून डोकं काढून दोन्ही हात पुढे केले.

कोकिळेने डोळे उघडले नाहीत. कूसही बदलली नाही. तिने नुसता हात लांब केला.